कोची ते मुंबई : लांबच्या क्रूझमधला शेवटचा समुद्रावरचा दिवस आणि आपला किनारा

मांडवीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी, माझे यजमान आणि सासू-सासरे असे चौघे सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत, कोलंबो आणि कोची करत मुंबईला येणाऱ्या जहाजाने प्रवास करणार आहोत. कोचीहून जहाज संध्याकाळी सहाला सुटते, त्यानंतरचा संपूर्ण दिवस समुद्रावर जातो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास ते मुंबईला पोहोचते, असे वेळापत्रकात दिले आहे. सासऱ्यांचे बालपण मालवणात गेले, त्यामुळे बाकीच्या बंदरांपेक्षा त्यांचे सारे लक्ष या शेवटच्या दिवसाकडे लागले आहे. जहाजावरून सिंधुदुर्ग किल्ला आणि एकूणच कोकण किनारा दिसेल, अशी त्यांची ठाम समजूत आहे, तर यजमानांच्या मते त्या दिवशी बॅगा भरण्यापलीकडे काही करण्यासारखे नसते. किनारा खरोखर दिसतो का, आणि वयस्कर मंडळींना सोबत घेऊन हा दिवस कसा घालवावा, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन. आमची तारीख अमावास्येच्या अगदी जवळची आहे, त्याचा काही फरक पडत असल्यास तेही कृपया सांगावे.

निवृत्त दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो आणि या मार्गाने अनेकदा गेलो आहे, म्हणून आधी गणित मांडतो. कोची ते मुंबई हे अंतर सुमारे ५८० सागरी मैल आहे. ते ३६ तासांत कापायचे म्हणजे जहाज सरासरी १६ नॉट, म्हणजे ताशी १६ सागरी मैल, वेगाने जाईल. या हिशेबाने तुम्ही सकाळी उठाल तेव्हा उडुपी-मालपेच्या आसपास असाल, दुपारी जेवताना कुमठ्यासमोर आणि चारच्या चहाला मुरगावसमोर. म्हणजे दिवसाचा सगळा उजेड कर्नाटक आणि गोव्याच्या वाट्याला जातो. वेंगुर्ले संध्याकाळी सहाला येईल, मालवण साडेसहाच्या सुमारास, म्हणजे नेमके सूर्यास्ताच्या वेळी. विजयदुर्ग साडेआठला, रत्नागिरी सव्वादहाला, दाभोळ मध्यरात्रीनंतर आणि मुंबईजवळचे खांदेरी बेट पहाटे पाचच्या पुढे. जहाज तास-दोन तास पुढेमागे झाले तर या वेळाही तशाच सरकतील, पण कोकणचा बहुतेक किनारा तुम्ही रात्रीच ओलांडणार, हे धरून चालावे.

आता किल्ल्याविषयी. प्रवासी डेकवर तुमचे डोळे पाण्यापासून ३० मीटर उंचीवर आहेत असे धरले तर क्षितिज साधारण साडेअकरा सागरी मैलांवर येते. सिंधुदुर्गाचे बेट सखल असून तटाची उंची जेमतेम १० मीटर आहे, त्यामुळे जहाज किल्ल्यापासून अठरा मैलांच्या आत आले, तरच तटाची वरची कड क्षितिजावर डोकावेल. मासेमारी नौका आणि त्यांची जाळी टाळण्यासाठी मोठी जहाजे बहुधा याहून बाहेरून जातात. त्यात फेब्रुवारीची हवा धुरकट असते. सह्याद्रीची हजार मीटर उंचीची शिखरे भूमितीनुसार चाळीस मैल बाहेरूनही दिसायला हवीत, पण पावसाळा संपल्यानंतरचे काही स्वच्छ दिवस सोडले तर ती धुक्यातच राहतात. सासऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे. जहाजावर गेल्यानंतर निराशा होण्यापेक्षा ते बरे.

मात्र अमावास्या तुमच्या पथ्यावर पडणार आहे. आपल्या किनाऱ्यावरील मोठ्या दीपगृहांचा प्रकाश अंधाऱ्या रात्री वीस मैल किंवा त्याहून दूरवरून ओळखता येतो, आणि दिवा प्रत्यक्ष क्षितिजाखाली असला तरी त्याचा फिरता झोत आकाशात उमटलेला दिसतो. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे, देवगडचे, रत्नागिरीचे रत्नदुर्गावरचे, जयगडचे आणि अंजनवेलजवळचे टाळकेश्वरचे अशी दीपगृहे या क्रमाने उजव्या हाताला येतील. प्रत्येकाची लकाकण्याची लय वेगळी असते, त्यामुळे दोन झोतांमधील सेकंद मोजून कोणते दीपगृह आहे ते ठरवता येते. खांदेरीचे दीपगृह १८६७ पासूनचे आणि कुलाब्याचे प्राँग्ज १८७५ मधले. ही दोन्ही पहाटे बरीच जवळून दिसतात, कारण तोवर जहाज मुंबईच्या खाडीकडे वळलेले असते.

हेदवीचा वाटसरू

वरील माहिती अचूक आहे. तुमच्या सासऱ्यांच्या मनात बहुधा जुन्या आगबोटी असाव्यात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या त्या बोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत जात. बंदराबाहेर नांगर पडला की पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येऊन बोटीला लागत आणि माणसे, ट्रंका, बोचकी त्यांत उतरवली जात. त्या बोटींना किनारा सोडून चालणारच नव्हते, आजच्या प्रवासी जहाजाला मात्र किनाऱ्याशी काही कामच नसते. माझे वडील अशाच अपेक्षेने एका क्रूझवर गेले होते आणि दिवसभर दुर्बीण घेऊन बसले होते. त्यांना दिसले ते मालवाहू जहाजांचे रांगेने जाणारे आकार आणि एक डॉल्फिनांचा कळप, ज्याचे वर्णन ते पुढे महिनाभर करत होते.

दिवसाच्या उजेडातही बघण्यासारखे पुष्कळ असते, हे मुद्दाम सांगतो. कोलंबोपर्यंत बऱ्याच ठिकाणी तुम्ही हजारो मीटर खोल समुद्रावरून आलेले असता. कोचीनंतर जहाज भूखंडमंचावरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावरून, चालते आणि तेथे तळ बऱ्याचदा शंभर मीटरच्याही आत असतो, म्हणून पाण्याचा गडद निळा रंग फिका होऊन त्यात हिरवी झाक येते. बहुतेक जहाजांवर दुपारी कप्तान स्थान, वारा आणि पाण्याची खोली जाहीर करतो, ती घोषणा ऐकून नकाशावर खूण करत जाणे हा सासऱ्यांसाठी उत्तम उद्योग ठरेल. रात्री उत्तरेकडे पाहिल्यास आणखी एक गंमत कळते. सिंगापूरला ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला असल्यामुळे दिसतच नाही. कोचीला तो दहा अंशांवर येतो, मालवणसमोर सोळा आणि मुंबईला एकोणीस. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, त्यामुळे आपण किती वर आलो हे मुठीनेच मोजता येते.

आंजर्ल्याची लेक

माझे मत थोडे वेगळे आहे. दीपगृहे कितीही सुंदर असली तरी वयस्कर माणसांना मध्यरात्रीपर्यंत डेकवर उभे ठेवू नये, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सातपासून उतरण्याची धांदल सुरू होते आणि तेथे बराच वेळ उभे राहावे लागते. शिवाय फेब्रुवारीत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि जहाजही त्याच दिशेला तोंड करून चाललेले असते. वाऱ्याच्या वेगात जहाजाचा वेग मिळाला की पुढच्या डेकवर ताशी ४०-५० किलोमीटरचा झोत अंगावर येतो. बाजूचा, वरून आच्छादित असलेला डेक निवडावा आणि कानटोपी जवळ ठेवावी.

आईला घेऊन मी अशाच एका लांबच्या प्रवासाला गेले होते. शेवटच्या दिवशी तिला किनाऱ्यापेक्षा माणसांचा निरोप घेण्यात अधिक रस होता, आणि मला ते योग्यच वाटले. जहाजांवर काम करणारी बरीच मुले गोव्याची आणि आपल्या कोकणातली असतात. तुमच्या सासऱ्यांनी वाढप्याला “खंयचो रे तू?” एवढे विचारले तरी पुढचा अर्धा तास मजेत जाईल. मात्र हे सकाळी किंवा दुपारीच करावे. संध्याकाळनंतर हजारो बॅगा उचलणे, खोल्या रिकाम्या करणे आणि नव्या प्रवाशांची तयारी या कामांत ती मुले अक्षरशः पिळून निघतात, त्या वेळी त्यांना थांबवून बोलत बसणे बरे दिसत नाही. बक्षिसीचे पाकीट द्यायचे असेल तर तेही दुपारीच हातात द्यावे.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मालवण सूर्यास्ताला येणार हे वाचून सासऱ्यांनी पंचांग काढून ठेवले आहे. एक अडचण मात्र आहे. आमची रात्रीच्या जेवणाची वेळ सहाची, म्हणजे पहिल्या पंगतीची आहे. आणि बॅगा रात्री दहापर्यंत खोलीबाहेर ठेवायच्या असतात असे कळले, मग गरम कपडे, दुर्बीण वगैरेचे काय करायचे?

निवृत्त दर्यावर्दी

जेवणाची वेळ बदलून घ्यावी. दुसरी पंगत बहुधा आठच्या सुमारास असते आणि एका दिवसापुरता बदल साधारणपणे मिळतो, मात्र त्यासाठी आदल्या दिवशीच उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला भेटावे, शेवटच्या दिवशी नव्हे. तेही न जमल्यास बुफेमध्ये जेवावे. साडेपाच ते सात तुम्ही चौघे उजव्या बाजूला, जहाजाच्या भाषेत स्टारबोर्डला, असलेच पाहिजे. सूर्य मागे डाव्या बाजूला मावळत असताना पूर्वेकडच्या धुरकट हवेत कधीकधी डोंगरांची कड क्षणभर उमटते. मी ती पाहिली आहे, पण दरवेळी दिसेल अशी हमी देता येत नाही. आंजर्ल्याच्या ताईंचा मुद्दाही मला पटतो. वेंगुर्ल्याचे दीपगृह सातच्या पुढे मागच्या बाजूला आणि देवगडचे आठच्या आत, एवढे पाहून वडीलधाऱ्यांनी जेवून झोपावे. रत्नागिरीसाठी ज्यांना जागायचे त्यांनी जागावे.

बॅगा सकाळीच भराव्यात, दुपारी जेवल्यावर मंडळींना तासभर झोपू द्यावे. प्रत्येकी एक छोटी पिशवी हाताशी ठेवावी. तीत पासपोर्ट, दोन दिवसांची औषधे, दागिने, सकाळचे कपडे, स्वेटर आणि दुर्बीण असावी. चप्पल-बूटही आठवणीने बॅगेत न भरता जवळ ठेवावेत, कारण ते बॅगेत गेल्यामुळे सकाळी जहाजाच्या सपाता घालून उतरलेले प्रवासी मी पाहिले आहेत. खोलीचे बिल संध्याकाळी पाचच्या आत तपासून घ्यावे. रात्री नऊनंतर आणि सकाळी बिलाच्या खिडकीसमोर लांब रांग असते. फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. किनाऱ्याचे नेटवर्क इतक्या दूर सहसा पोहोचत नाही, मात्र जहाजाचे स्वतःचे महागडे रोमिंग आपोआप पकडले जाते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालते आणि मालवण केव्हा काटकोनात, म्हणजे थेट उजव्या हाताला, आले हे मिनिटासह कळते.

हेदवीचा वाटसरू

एक राहिले. दीर्घ प्रवासानंतर जमिनीवर उतरल्यावर एक-दोन दिवस पायाखालचे हलल्यासारखे वाटते. बोट न लागलेल्यांनाही हा त्रास होतो, म्हणून जिन्यावर सासू-सासऱ्यांचा हात धरावा. उतरून बाहेर पडेपर्यंत सकाळची मांडवी एक्सप्रेस निघून गेलेली असेल. त्याच दिवशी महामार्गाने मोटारीतून रत्नागिरी गाठण्यापेक्षा मुंबईत दिवसभर विश्रांती घेऊन रात्रीच्या कोकणकन्येचे आरक्षण करावे, आणि चारांपैकी निदान दोन बर्थ खालचे मिळतील हे पाहावे.