मदत हवी आहे: यकृताचा सीटी व्हीआर हेडसेटमध्ये अडखळतोय

आमच्या सर्जनना यकृताच्या आठव्या सेगमेंटमधली (भागातली) गाठ काढायची आहे. गाठ मधल्या हिपॅटिक व्हेनला (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेला) अगदी टेकलेली आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी हेडसेट लावून ती सगळ्या बाजूंनी बघायची त्यांची इच्छा आहे.

थ्रीडी स्लायसर (स्कॅन थ्रीडीत बघायचं मोफत सॉफ्टवेअर) आणि त्याचं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी एक्स्टेन्शन वापरतोय. क्वेस्ट २ हेडसेट संगणकाला केबलने जोडलाय, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. सीटी पोर्टल व्हीनस फेजचा (कॉन्ट्रास्ट औषध यकृताच्या शिरांत पोचल्यावर काढलेला), ५१२ × ५१२ पिक्सेल, स्लाइस ०.६२५ मिमी.

मॉनिटरवर व्हॉल्यूम रेंडरिंग (स्कॅनच्या सगळ्या डेटामधून थेट काढलेलं थ्रीडी चित्र) छान चालतं. हेडसेटमध्ये मात्र मान वळवली की चित्र मागून ओढल्यासारखं येतं, दोन मिनिटांत मळमळतं. ७२ हर्ट्झला (सेकंदाला ७२ फ्रेम) दोन्ही डोळ्यांची चित्रं मिळून जेमतेम १४ मिलिसेकंद मिळतात, तिथेच गाडी अडते.

व्हॉल्यूम यकृतापुरता क्रॉप केला, थोडाच फरक पडला. १.५ मिमीला रिसॅम्पल केल्यावर (डेटा जाडसर केल्यावर) वेग आला, पण पोर्टल व्हेनच्या (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) बारीक फांद्या तुटक दिसायला लागल्या. सेगमेंटेशनचं (अवयव वेगळे आखून केलेलं, नुसत्या पृष्ठभागाचं) सरफेस मॉडेल सुरळीत फिरतं, पण स्मूदिंगमध्ये २-३ मिमीच्या शिरा गायब! नेमक्या त्याच तर बघायच्या आहेत.

डेटामधून रुग्णाची ओळख काढली आहे, तरी तो क्लाउडवर टाकायची परवानगी नाही. विकतचं सॉफ्टवेअरही नको. मोजमापं मूळ स्लाइसवरच घेणार आहोत.

यकृत आणि गाठ सरफेस मॉडेल म्हणून ठेवून मास्क लावून (बाकीचं झाकून) फक्त शिरांचं व्हॉल्यूम रेंडरिंग केलं, तर एवढ्या कार्डवर ७२ फ्रेम टिकतात का? कोणी केलं असेल तर सॅम्पलिंगची (डेटा किती बारीक अंतराने वाचायचा त्याची) कोणती सेटिंग ठेवली होती?