अनुभव धागा : वर्षानुवर्षे उभी राहिलेली मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

तळमजला

आमच्या लालबागच्या चाळीचा पुनर्विकास आता खरोखरच होणार असे दिसते, कारण गेल्या महिन्यात जिन्याखालच्या सगळ्या अडगळीवर ‘पंधरा दिवसांत हलवावी’ अशा चिठ्ठ्या चिकटल्या. त्या अडगळीत एक फुटकी टाकी, दोन सायकलींचे सांगाडे आणि निळ्या ताडपत्रीखाली वडिलांची यामाहा आरएक्स १०० होती. वडील गोदीत नोकरीला होते. १९९१ साली घेतलेल्या या गाडीवर त्यांनी निवृत्तीपर्यंत लालबाग ते माझगाव ये-जा केली. २०१२ मध्ये गुडघा किक मारू देईना तेव्हा ती जिन्याखाली गेली, आणि २०१७ मध्ये वडील गेल्यावर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

ताडपत्री काढली तेव्हा मागच्या चाकाची हवा पूर्ण गेलेली होती आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते. ते इतके सुबक होते की फोडताना अपराधी वाटले. टाकीचे झाकण उघडल्यावर पेट्रोलचा नव्हे, तर शिळ्या वॉर्निशचा वास आला. मी उत्साहाच्या भरात किकवर पाय ठेवणार, इतक्यात परळहून बोलावलेल्या मेकॅनिकने मला अक्षरशः मागे ओढले. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरची भिंत कोरडी पडलेली असते, पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असू शकतात, आणि अशा वेळी जोर लावला तर सिलिंडरवर ओरखडे उठतात, असे त्याने समजावले. त्याने स्पार्क प्लग काढला, भोकातून चमचाभर टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारे तेल) सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने किक पायाने न मारता हाताने हळूहळू खाली दाबली. पिस्टन सरकला.

पुढचे चार दिवस टाकी, कार्बोरेटर आणि ऑइल पंप यांत गेले. या गाडीत टूटी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने इंजिनात जाते. त्या नळीत हवा अडकलेली असेल तर इंजिन सुरू होते खरे, पण तेलाविना चालून काही मिनिटांत सीझ होते, म्हणजे पिस्टन आतच जाम होतो. म्हणून त्याने नळीतली हवा काढलीच, शिवाय पहिल्या दोन लिटर पेट्रोलात थोडे तेल वेगळे मिसळले. पाचव्या संध्याकाळी सहाव्या किकला गाडी सुरू झाली आणि सिलिंडरमधले सगळे तेल पांढऱ्या धुराच्या रूपाने चाळीत शिरले. महापालिकेची डासांची फवारणी आली असे समजून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नातवंडांना आत घेऊन दारे लावून घेतली.

मला वाटले, झाले. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, आत्ता फक्त आवाज आलाय.” ब्रेक, टायर, केबली आणि कागदपत्रे बाकी आहेत. नोंदणी वडिलांच्या नावावर असून २०१६ मध्येच संपलेली आहे. ज्यांनी हे सगळे निस्तरले आहे त्यांनी लिहावे, आणि काय चुकले ते आधी लिहावे.

कलिनाकर

चुकलेलेच लिहायचे तर माझ्याइतका अधिकारी माणूस मिळणार नाही. माझी येझदी २६ जुलै २००५ च्या पावसात बुडाली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या कलिन्यात गाडीचे फक्त आरसे पाण्यावर दिसत होते. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी केले तेच मी केले, म्हणजे किक मारली. किक अर्ध्यावर अडली, तेव्हा मी तिच्यावर उभा राहिलो. शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी शिवी हासडून मला खाली उतरवले, कारण सिलिंडरमध्ये पाणी भरले होते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून किक मारली तेव्हा पाण्याची चूळ थेट माझ्या शर्टावर आली. गिअरबॉक्सचे तेल दूध घातलेल्या चहासारखे झाले होते. ते तीन वेळा बदलल्यावर गाडी सुरू झाली.

खरी चूक त्यानंतरची आहे. सुरू झाली म्हणून मी समाधानाने ती उभी करून ठेवली आणि थेट २०१६ मध्ये पुन्हा हात लावला. तोपर्यंत क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये राहिलेल्या ओलाव्याने आपले काम केले होते. इंजिन पूर्ण उघडावे लागले, क्रँक बाहेर काढून नवी बेअरिंग दाबून बसवावी लागली, आणि मैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद झालेला असल्यामुळे एकेका भागासाठी चोर बाजारापासून कोल्हापूरपर्यंत फोन करावे लागले. २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आले असले तरी त्या गाडीचे भाग जुन्या गाडीला लागत नाहीत. ही चौकशी मीही केली होती आणि काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे सहानुभूतीने पाहत राहिला होता.

अबोली

तळमजला, वडिलांची गाडी सुरू झाल्याचे वाचून बरे वाटले. आईंनी आवाज ओळखला का, तेवढे सांगा. आमच्या चाळीत गाडीच्या आवाजावरून कोणाचे बाबा आले ते कळायचे आणि आम्ही अभ्यासाला बसायचो.

दहा-अकराचा पाना

मी मुलुंडला राहते आणि आमच्या घरातली हिरो होंडा सीडी १०० मीच उघडते, कारण यजमानांना पान्यापेक्षा मोबाइल हलका वाटतो. कार्बोरेटरविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचे, भोक केसाइतके बारीक असते आणि जुने पेट्रोल सुकून त्यात राळेसारखा थर बसतो. तो काढण्यासाठी पहिल्या वेळी मी शिवणाची सुई वापरली. जेट स्वच्छ झाला, पण पितळ मऊ असल्याने भोक थोडे मोठेही झाले. पुढचे दोन महिने गाडी काळा धूर सोडत आणि पेट्रोल पीत राहिली, आणि मी निष्कारण एअर फिल्टरला दोष देत राहिले. जेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवावा, हवेच्या प्रेशरने फुंकावा, आणि अगदीच वेळ आली तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरावी. नवा जेट फार महाग नसतो, हेही मला उशिराच सुचले.

दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. सीटखाली त्यांनी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सूचनांचे तुकडे करून घरटे केले होते आणि वायरिंगवरचे आवरण इतके कुरतडले होते की दिवा लावला की हॉर्न वाजायचा. अशी वायरिंग टेप गुंडाळून जोडत बसू नये, संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा. कलिनाकर काका, तुमच्या येझदीची किक हाच गिअरचा दांडा असतो ना? मला त्याचे फार कुतूहल आहे.

कलिनाकर

होय ताई, गाडी सुरू झाल्यावर तोच दांडा पुढे वळवायचा, की गिअर पडतात. उलट किक बसली की तोच दांडा नडगीवरही पडतो. माझ्या नडगीवर त्याची खूण आहे आणि मुलांना मी ती क्रिकेटमधली दुखापत म्हणून सांगितली आहे.

पूर्वेचा प्रवासी

तळमजला यांच्या मेकॅनिकचे वाक्य पाटीवर लिहून गॅरेजमध्ये लावावे असे आहे. इंजिनाचे कौतुक सगळ्यांना असते. मी मात्र थांबता न आल्यामुळे पडलेला माणूस आहे.

माझी गाडी सहा वर्षे उभी होती. टायरवर नक्षी पूर्ण शिल्लक होती, म्हणून ते बदलायचे मला जिवावर आले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. माझ्या टायरवर २२०९ होते, म्हणजे तो २००९ च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला होता आणि मी २०१८ मध्ये त्यावर भरवसा ठेवत होतो. अंगठ्याने रबर वाकवले असते तर त्यातल्या चिरा दिसल्या असत्या. ते न करता मी निघालो आणि दादरच्या टिळक पुलाच्या उतारावर मागचा टायर बसला. ब्रेक दाबला, तर पुढचा ब्रेक लागला तो सुटेना. ब्रेकच्या शूंना, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, फाकवणारी कॅमची पिन गंजून जाम झालेली होती, त्यामुळे लिव्हर सोडले तरी शू ड्रमला चिकटून राहिले. सुदैवाने मागून बस नव्हती, टॅक्सी होती, आणि टॅक्सीवाल्याने आधी मला उचलले आणि मग ओरडला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. दोन्ही चाके काढून ड्रम उघडायचे, कॅमची पिन बाहेर काढून पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावायचे, शूवरचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर शू सरळ बदलायचे, आणि टायर-ट्यूब कितीही चांगले दिसले तरी नवे घालायचे. केबलीही नव्या घालायच्या, कारण बाहेरून धड दिसणारी केबल आतून एकेक धाग्याने तुटत आलेली असते. हे सगळे होईपर्यंत गाडी गेटच्या बाहेर काढायची नाही.

दमट हवा

आरएक्स, येझदीसारख्या टू-स्ट्रोकवाल्यांनी क्रँकच्या दोन्ही टोकांच्या ऑइल सिलांकडे दुर्लक्ष करू नये. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ही रबरी सिले कडक होतात. डाव्या-उजव्या बाजूने हवा आत ओढली जाऊ लागली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही आणि शेवटी गरम होऊन सीझ होते. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले असेल तर तेल ओढले जाऊन पांढरा धूर थांबतच नाही. तळमजला, तुमची फवारणी दहा-पंधरा मिनिटांत थांबली असेल तर काळजी नाही, रोज होत असेल तर सिले बदला.

अर्ज क्रमांक पंचवीस

कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. खासगी दुचाकीची नोंदणी सुरुवातीला पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठीचा अर्ज म्हणजेच नमुना २५. तळमजला यांची गाडी वडिलांच्या नावावर असल्याने त्यांना मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागेल. भावंडे असतील तर मिठाई घेऊन आधी त्यांच्याकडे जावे. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १००० रुपये झाले आणि त्यानंतरही नियमांत बदल झाले आहेत, त्यामुळे आजचा आकडा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरच पाहावा. उशिराचा दंड आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा असतो.

माझी तीन फेऱ्यांची कथा अशी आहे. पहिल्या फेरीत विमा नव्हता म्हणून परत पाठवले. दुसऱ्या फेरीत गाडी तपासणाऱ्या साहेबांनी चेसिस क्रमांक मागितला. तो हँडलच्या खालच्या नळीवर कोरलेला असतो, पण मी हौसेने गाडीला इतका जाड रंग दिला होता की कागद ठेवून पेन्सिल घासली तरी एकही आकडा उमटेना. घरी येऊन त्या नव्या कोऱ्या रंगावर थिनरचा बोळा फिरवताना डोळ्यांत पाणी आले, आणि ते काही थिनरचे नव्हते. तिसऱ्या फेरीत एक आरसा नव्हता, तो मी बाहेरच्या दुकानातून धावत जाऊन आणला. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही बंधनकारक आहे, हे लक्षात असू द्या.

भंगारवाला हाजिर आहे

मी बाबांची राजदूत २००८ मध्ये चौदाशे रुपयांना भंगारात दिली. हा धागा मी पूर्ण वाचणार नाही.

दमट हवा

टाकीतल्या गंजासाठी मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून टाकी हलवत राहिले की बराच गंज सुटतो, मात्र नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी पूर्ण वाळवली नाही तर मुंबईच्या हवेत दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस थर दिसतो. पूर्वी गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरून ठेवत, म्हणजे आत हवा राहत नसे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते ओलावा शोषते आणि पाणी तळाशी साठते, त्यामुळे गाडी महिनोनमहिने ठेवायची असेल तर मी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून आत तेलाचा हात फिरवतो.

तळमजला

सर्वांचे आभार. पूर्वेचा प्रवासी यांचे वाचून काल दोन्ही ड्रम उघडले. मागची कॅमची पिन हातोडीशिवाय निघाली नाही. टायरवर ४८१० हा आकडा निघाला आणि मुकाट्याने नवे टायर सांगितले. अबोली, आईने आवाज ओळखला, पण तिचे पहिले वाक्य “सायलेन्सरला फाटकी बनियन लाव, शेजारी झोपलेत” असे होते. वडील रात्रपाळीहून आल्यावर ती हेच म्हणायची. बहिणीने संमतीपत्रावर सही केली, बदल्यात आठवड्यातून एक दिवस गाडी तिची.

एकच अडचण उरली आहे. पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) बंद केला तरी दहा-पंधरा मिनिटांनी एक थेंब पडतो. तूर्त खाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला आहे आणि सकाळी तो रिकामा करतो.

दहा-अकराचा पाना

अहो, जिन्याखाली, लाकडी चाळीत, उघड्या डब्यात पेट्रोल? तो डबा आत्ताच्या आत्ता उचला, टाकीतले पेट्रोल कॅनमध्ये काढून घ्या आणि कॉकच्या आतले चार भोकांचे रबर बदला. ते झाल्याशिवाय इथे पुढचे काही लिहू नका.