पॅल डीव्हीडीवरचा 'एल्व्हिस' (१९७९): गिटारशी सूर का जुळत नाही?

तारछेड:
जॉन कार्पेंटरने अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी केलेला, गायक एल्व्हिस प्रेस्लीवरचा, कर्ट रसेलचा 'एल्व्हिस'. डिस्क पॅल (युरोप-भारताकडची टीव्हीची पद्धत) आहे. त्यातल्या मेम्फिसच्या दिवसांतल्या गाण्यांबरोबर गिटार वाजवायला घेतली की गिटार उतरलेली वाटते. पांढरी सहाचं गाणं काळी पाचच्या आसपास लागतं, पण धड काळी पाचही नाही. ट्यूनर ठीक आहे. रसेल वरच्या पट्टीत गायलाय की डिस्क बिघडलीय? शिवाय त्या काळचा तो एकच 'टक्' करून येणारा प्रतिध्वनी साध्या डिले पेडलवर (गिटारचा आवाज थोड्या उशिराने परत ऐकवणाऱ्या) कसा काढायचा?

फीतवाला:
रसेल गायलेलाच नाही. आवाज रॉनी मॅक्डॉवेलचा, रसेलचे नुसते ओठ (तेही इतके चोख की एमीचं नामांकन मिळालं).

सुराचा घोळ पॅलचा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, पॅल २५ चा. डिस्क करताना फिल्म सरळ २५ ने पळवतात. त्यामुळे सगळं ४.१७ टक्के जलद होतं आणि सूर ७१ सेंट चढतो (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पांढरी सहापासून काळी पाच १०० सेंटवर आहे, म्हणून ते मधेच लोंबकळतं.

आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड अँड पिच' मध्ये गुणक ०.९६ द्या. नुसतं 'चेंज पिच' वापरलंत तर सूर खाली येईल, लय मात्र पळतच राहील.

सहातारा:
सॉफ्टवेअर नको असेल तर ट्यूनरचं कॅलिब्रेशन (पांढरी सहाचा आधारसूर) ४४० हर्ट्झवरून ४३३ करा, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) न लावता सहाही तारा लावा आणि मग पहिल्या फ्रेटवर कॅपो चढवा. थेट ४५८ ला लावायच्या फंदात पडू नका. बरेच ट्यूनर तिथवर जात नाहीत, आणि तारांवर उगाच ताण. कॅपो फार घट्ट बसला तरी सूर चढतो, तेवढं बघा.

अनुनाद:
त्याआधी डिस्क तपासा. काही पॅल डिस्कवर वेग वाढवून सूर परत खाली आणलेला असतो, तिथे ०.९६ केलंत तर उलट उतरेल. एकूण लांबीवरून ताडू नका, कारण अमेरिकेबाहेर थिएटरसाठी छोटी आवृत्तीही निघाली होती. अमेरिकन प्रतीतला एखादा न कापलेला प्रसंग घ्या. तिथे २४० सेकंद आणि इथे २३० भरले तर वेग वाढलेला आहे. मग सूर कानाने ठरवा.

फीतवाला:
प्रतिध्वनीचं राहिलं. एल्व्हिसची सुरुवातीची गाणी झाली त्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत मालक सॅम फिलिप्स दोन ॲम्पेक्स टेपयंत्रं लावायचा. दुसऱ्या यंत्रात रेकॉर्ड हेडपासून प्लेबॅक हेडपर्यंत फीत सरकायला जो वेळ लागतो, तोच तो 'टक्'. पेडलवर १२० ते १४० मिलिसेकंद, फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येणं) शून्य, मिक्स (मूळ आवाजात प्रतिध्वनीचं प्रमाण) पाव भाग, पेडलला टोन असेल तर डिलेचा ट्रेबल थोडा कमी. दुसरा प्रतिध्वनी ऐकू आला की खिचडी झालीच. ॲम्पचा रिव्हर्ब बंदच ठेवा.

ड्रम शोधू नका. सनमधल्या एल्व्हिसच्या जुलै १९५४ च्या त्या पहिल्या सेशनला ड्रम नव्हतेच. त्याचा बासवादक बिल ब्लॅक डबल बासच्या तारा ओढून सोडायचा, त्या फिंगरबोर्डवर आपटायच्या; ठेका तोच. गिटारचा बास जास्त वाढवलात तर नेमका तोच आवाज बुजतो.

तारछेड:
२४० चे २३०, आणि सूरही चढाच. ४३३ आणि कॅपोने जुळलं. डिले टॅप टेम्पोने (पेडलवर पायाने ठेका देऊन) गाण्याच्या लयीत बसवायचा का?

सहातारा:
नको. यंत्राला गाण्याची लय ठाऊक नव्हती. गाणं कुठलंही असो, १३० मिलिसेकंदांवर ठेवा.