प्रतिस्पर्धी कॅथलिक हायस्कुलं एक करावीत का? फिलाडेल्फियाचा अनुभव

बावखल (धागा काढणारी)

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर अर्धा तास एकच विषय चालला होता. आमच्या भागातली दोन कॅथलिक हायस्कुलं एकत्र करता येतील का याचा विचार सुरू आहे, असं दोन्हीकडच्या पालकांना कळवण्यात आलंय. शाळांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण ठरलेलं काहीच नाही. दोन्ही शाळा एकमेकींपासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहेत. बास्केटबॉलच्या सामन्याला एकमेकांविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडणारी घरं आहेत ही, आणि त्यांच्या पोरांना आता एकच गणवेश घालायचा म्हणतात.

मी मूळची वसईची, पेशाने नर्स, ईशान्य फिलाडेल्फियात सोळा वर्षं झाली. मुलगा यातल्याच एका शाळेत नववीत आहे. माझं मत सरळ सांगते: एक करा, आणि आत्ता करा, दोन्हीकडे वर्गात पोरं आहेत तोवर.

ज्यांना इथली पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. बिशप जॉन न्यूमन यांनी १८५०च्या दशकात या धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चच्या विभागाच्या) शाळांची घडी बसवली. १८९० मध्ये थॉमस केहिल नावाच्या गृहस्थाने ठेवलेल्या पैशातून रोमन कॅथलिक हायस्कूल उघडलं, तेही मुलग्यांना मोफत. १९६१ साली धर्मप्रांताच्या सगळ्या शाळांत मिळून अडीच लाख मुलं होती. २०११ मध्ये उरली ६८ हजार, म्हणजे १९११ साली होती तितकीच. कार्डिनल डॉगर्टी हायस्कूल १९५६ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षांच्या आत तिथला पट सहा हजारांवर गेला. जगातलं सगळ्यात मोठं कॅथलिक हायस्कूल म्हणायचे त्याला. ते २०१० च्या जूनमध्ये बंद झालं. नॉर्थईस्ट कॅथलिकही त्याच महिन्यात. निर्णय जाहीर झाला होता आधीच्या ऑक्टोबरमध्ये. शेवटच्या वर्षाला जाणारी पोरं आठ महिन्यांत दुसरी शाळा शोधत फिरली.

मला नेमकी याचीच भीती वाटते. शाळा एकत्र होण्याची नाही, शेवटच्या क्षणी बंद होण्याची.

तांबडी_माती

ताई, मी असहमत. आम्ही कॅथलिक नाही, साताऱ्याकडचे. तरीही मुलीला चार वर्षं कॅथलिक शाळेत घातलं. का? कारण तिथे मुख्याध्यापकांना तिचं नाव माहीत होतं. एकदा ती दोन दिवस गप्प होती, तर तिसऱ्या दिवशी शाळेतून आम्हाला फोन आला. वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास फी आम्ही याच गोष्टीसाठी भरली. दोन लहान शाळांची एक मोठी केलीत की पालक ज्यासाठी पैसे मोजतात तेच काढून घेतलंत.

दुसरं म्हणजे, चारशे आणि चारशे मिळून आठशे होत नाहीत. हे गणित कागदावरचं. ज्यांची शाळा गेली त्यातले बरेच पालक म्हणतात, बदलायचीच आहे तर फी नसलेली चार्टर शाळा (सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतंत्र) काय वाईट? नॉर्थईस्ट कॅथलिकच्या इमारतीत आज चार्टर शाळाच भरते.

आणि एकत्रीकरण टिकतं तरी का? कॉन्शोहॉकनचं आर्चबिशप केनेडी आणि नॉरिसटाउनचं बिशप केनरिक १९९३ मध्ये एक केलं. केनेडी-केनरिक असं जोडनाव दिलं. २०१० मध्ये तेही संपलं.

हिशेबनीस

तांबडी_माती, केनेडी-केनरिकची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. ते २०१० मध्ये पॉट्सटाउनच्या सेंट पायस टेन्थबरोबर मिळून पोप जॉन पॉल सेकंड हायस्कूल झालं. रॉयर्सफर्डला नवी इमारत, नवं नाव. ती शाळा आजही चालू आहे. माझ्या मते फरक इथेच आहे. १९९३ मध्ये एका शाळेला दुसरीच्या जुन्या घरात नेऊन बसवलं. २०१० मध्ये दोघींनाही नवं घर मिळालं. कुणी कुणाकडे आश्रित म्हणून गेलं नाही.

खर्चाचं सांगतो. मी अशा एका संस्थेचे हिशेब बघितलेत (कोणती ते सोडा). हजार मुलांसाठी बांधलेल्या इमारतीत साडेतीनशे मुलं बसली तरी बॉयलर हजारांसाठीच जळतो. छत तेवढंच गळतं, विम्याचा हप्ता तेवढाच येतो. मुख्याध्यापक एक लागतोच, नर्स एक लागतेच, समुपदेशक लागतोच. मुलं कमी झाली की खर्च त्या प्रमाणात उतरत नाही, मग फी वाढते. फी वाढली की आणखी दहा घरं जातात. हे चक्र सुरू झालं की तीन-चार वर्षांत शाळा बसते. बावखलताई म्हणतात ते खरं आहे, हे चक्र सुरू होण्याआधी हलायला हवं.

खडू_फळा

मी शिक्षिका आहे, कॅथलिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते. वरच्या चर्चेत एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. त्या अडीच लाख मुलांना शिकवत कोण होतं? सिस्टर्स, म्हणजे नन. कॉन्व्हेंटमध्ये, त्यांच्या मठात राहायच्या, नावापुरतं मानधन घ्यायच्या. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार सिस्टर्स होत्या. आज ४० हजारही नाहीत. स्वस्त शाळेचं ते गुपित होतं, आणि ते परत येणार नाही. आता आमच्यासारखे संसारी शिक्षक आहेत. आम्हाला घरभाडं भरावं लागतं. सरकारी शाळेपेक्षा कमी पगारात आम्ही टिकतो ते या मुलांवरच्या मायेमुळे. २०११ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या धर्मप्रांती हायस्कुलांच्या शिक्षकांनी दोन आठवडे संप केला होता, तो आठवून बघा.

एकत्रीकरणात दोन गणित विभागांचा एक होतो. दोन ग्रंथपालांतली एक जाते. माझ्या आधीच्या शाळेत हे झालं. मला कळलं मे महिन्यात, तेव्हा बहुतेक शाळांच्या जागा भरून गेल्या होत्या. बावीस वर्षं फिजिक्स शिकवलेले आमचे एक सर त्या वर्षी फर्निचरच्या दुकानात उभे राहिले. म्हणून मी ना बाजूची ना विरोधातली. पण "आत्ता करा" म्हणणाऱ्यांनी आमचं काय होणार हे त्याच वाक्यात लिहावं.

बावखल

खडू_फळा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी ते लिहायला हवं होतं. दोन वर्षं आधी जाहीर केलं तर निवृत्तीला आलेले शिक्षक आपणहून जातील, बाकीच्यांना शोधायला वेळ मिळेल. घाईतच माणसं रस्त्यावर येतात.

पाचू

माझा पूर्ण विरोध, आणि त्याला याच शहराचा पुरावा आहे.

जानेवारी २०१२. धर्मप्रांताने नेमलेल्या आयोगाने चार हायस्कुलं बंद करायला सांगितली: वेस्ट कॅथलिक, बॉनर-प्रेंडरगास्ट, सेंट ह्यूबर्ट आणि कॉन्वेल-इगन. सोबत चाळीसहून अधिक प्राथमिक शाळा बंद करायच्या किंवा जोडायच्या. त्या थंडीत माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आज्या आपापल्या जुन्या शाळेचे स्वेटर घालून उभ्या होत्या. फेब्रुवारी संपायच्या आत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर उभे राहिले आणि आर्चबिशप शापू यांनी चारही हायस्कुलं चालू राहतील असं जाहीर केलं. त्याच वर्षी १७ हायस्कुलांचा कारभार एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेला. त्या चारही शाळा पुढच्या दशकभरात टिकल्या.

उलट २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बिशप मॅकडेविट आणि हॅलहन या दोन शाळा बंद करायचं जाहीर झालं. या दोन्ही २०१२ च्या यादीत नव्हत्या! कोविडचा काळ, माणसं घरात कोंडलेली, मोर्चा काढणार कसा? हॅलहन म्हणजे १९०१ पासूनची, देशातलं पहिलं धर्मप्रांती मुलींचं हायस्कूल. शेवटच्या दिवशी गणवेशासकट लोगन सर्कलच्या कारंज्यात उड्या मारायची तिथल्या मुलींची रीत होती. २०२१ च्या जूनमध्ये ती शाळा संपली.

माणसं पैसे देतात ते त्या नावासाठी, त्या रंगांसाठी. दोन्ही नावं पुसून तिसरं लावलंत तर २०१२ सारखी वेळ आल्यावर स्वेटर घालून कोण उभं राहणार?

हिशेबनीस

पाचू, एकदाच आलेल्या देणगीतून दरवर्षीचा तोटा भरत नाही. त्या चार शाळा टिकल्या त्या नंतरच्या कष्टांनी. शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. पेनसिल्व्हेनियात २००१ पासून कंपन्यांनी शिष्यवृत्तीला पैसे दिले की करात सवलत मिळते, तिचा नेटाने वापर केला. आणि एक बघा, वाचलेल्यांतल्या दोन शाळा मुळात जोडलेल्याच आहेत. कॉन्वेल आणि इगन १९९३ मध्ये एक झाल्या होत्या. बॉनर मुलग्यांची, प्रेंडरगास्ट मुलींची, दोन्ही एकाच टेकडीवर. तुम्ही ज्यांचा दाखला देताय त्याच एकत्रीकरणाच्या बाजूने बोलतायत.

पाचू

त्या जोड्या मुलं आणि मुलींच्या शाळांच्या होत्या. दक्षिण फिलाडेल्फियात २००४ मध्ये न्यूमन आणि गोरेटी एक झाल्या तेही तसंच, बहुतेक घरांत भाऊ एका शाळेत आणि बहीण दुसऱ्या. बावखलताईंच्या दोन शाळा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी आहेत. ते वेगळं.

हा मुद्दा बरोबर आहे असं कुणी म्हणेल का? मला तो महत्त्वाचा वाटतो.

खडू_फळा

बरोबर आहे. भाऊ-बहिणींच्या शाळा जोडताना कुणी हरल्यासारखं वाटून घेत नाही. प्रतिस्पर्ध्यांत पहिला प्रश्न इमारत कुणाची, आणि तिथेच अर्ध्या घरांना आपण हरलो असं वाटतं. पण पोरं लवकर मिसळतात हेही मी पाहिलंय. ऑक्टोबरपर्यंत डब्याच्या टेबलावर कोण कुठला ते कळत नव्हतं. कडवटपणा धरून बसतात ते आपल्या वयाचे.

निर्मळ_तळं

वसईतून लिहितोय. आमच्याकडे शाळा एक करायची वेळ वेगळ्या वाटेने आली. धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) शाळेत मराठी माध्यमाच्या तीन तुकड्या होत्या, मी शिकलो तेव्हा. मग त्याच आवारात इंग्रजी माध्यम आलं आणि मराठीची एक तुकडी उरली, तीही अर्धी. कुणी "बंद केली" असं कधी म्हटलंच नाही. सभा नाही, पत्र नाही. बावखल, तुमच्याकडे निदान विचारतायत. भांडायला जागा आहे, ती वापरा.

काळा_घोडा

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो, दुखवण्यासाठी नाही. या शहरात २००५ आणि २०११ मध्ये ग्रँड ज्युरीचे (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) अहवाल आले, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल आणि ते झाकल्याबद्दल. पट घसरण्यामागे जन्मदर, उपनगरं, १९९७ च्या कायद्यानंतरच्या चार्टर शाळा हे सगळं आहेच. पण माझ्या दोन सहकाऱ्यांनी आपली मुलं काढली ती फक्त त्या अहवालांमुळे. शाळा एक करा किंवा नका करू, पालकसभेत हा प्रश्न टाळला तर जी घरं आधीच गेली ती परत येणार नाहीत.

बावखल

टाळणार नाही. मी स्वतः तो अहवाल वाचताना मध्येच उठून गेले होते. आज शाळेत मुलांसोबत काम करणाऱ्या मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते, तरी विचारत राहायलाच हवं.

तांबडी_माती

मी अजून माझ्या मतावर आहे. पण एक तिसरा रस्ता सुचवतो. फादर जज हायस्कूलमध्ये वेल्डिंगचा वर्ग सुरू केलाय. पोरं बारावी व्हायच्या आत कारखाने त्यांना विचारायला येतात. शाळेला स्वतःचं काहीतरी असलं की मुलं येतात, शेजारची शाळा गिळावी लागत नाही. तुमच्या दोन शाळांपैकी एकीने असं काही धरावं, दुसरीने दुसरं. नर्सिंगचं का नाही? तुम्हीच शिकवायला जाल, ताई.

बावखल

जाईन, खरंच जाईन. पण त्याला तीन वर्षं लागतील आणि आमच्याकडच्या एका शाळेत या वर्षी नववीची दोन तुकड्यांची एक झाली. हिशेबनीस म्हणतात ते चक्र सुरू झालंय असं मला वाटतं. म्हणून दोन्ही करा: एक व्हा, आणि एक होताना नवं काही सुरू करा, म्हणजे पोरांना दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं होणार नाही.

खडू_फळा

एक व्यवहाराचं. इमारत बदलली की बसचं काय? इथे कायद्याने सरकारी शाळा-विभागाला खासगी शाळेच्या मुलांनाही न्यावं लागतं, पण विभागाच्या हद्दीपलीकडे दहा मैलांपर्यंतच. शहरातली पोरं सेप्टाच्या (इथल्या सार्वजनिक बस-ट्रेन सेवेच्या) पासवर जातात. ज्या इमारतीला दोन बस बदलाव्या लागतात तिथे आई-बाप चौदा वर्षांच्या मुलीला हिवाळ्यात पाठवत नाहीत. आधीच्या शाळेत आमची बरीच मुलं याच कारणाने गळली, नाव आणि रंग राहिले बाजूला.

तांबडी_माती

हे मात्र शंभर टक्के. मुलीला आम्ही घातलं तेव्हा पहिल्यांदा बसचा नकाशाच बघितला होता.

बावखल

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सभा आहे. नकाशा घेऊन जाते. आमच्या रस्त्यावरची सहा घरं त्या शाळांत पोरं पाठवतात. प्रत्येक घरापासून दोन्ही इमारतींना किती वेळ लागतो, किती बस, ते आज रात्री लिहून काढते. खडू_फळा, शिक्षकांना किती महिने आधी सांगणार हा प्रश्नही तुमच्या शब्दांत लिहून द्या, मी वाचून दाखवीन.

खडू_फळा

उद्या सकाळी पाठवते. पहिल्या तासाच्या आधी.