फील्ड लावून अ‍ॅनील केली तरी रिबनचा जीएमआय पडला, चुकतंय कुठे?

भट्टीवाला_९७:
नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष, अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या धातूच्या) रिबनचा मॅग्नेटोइम्पिडन्स मोजतोय, म्हणजे बाहेरचं चुंबकीय फील्ड बदललं की पट्टीचा एसी करंटला होणारा विरोध किती टक्के बदलतो ते, हाच जीएमआय. रिबन कोबाल्टवाली, मेटग्लास २७१४ए, २ मिमी रुंद कापलेली. आणली तशीच मोजली तेव्हा १ मेगाहर्ट्झला जीएमआय ६० टक्क्यांच्या आसपास होता. मग ट्यूब फर्नेसवर सोलेनॉइड गुंडाळून, आर्गॉनमध्ये ३०० डिग्रीला १ तास ठेवली (हेच अ‍ॅनील), चुंबकीय फील्ड १०० ओर्स्टेड. तास झाला की फर्नेस बंद, आणि कॉइल जाम तापते म्हणून तिचा करंटही बंद, सकाळी येऊन पट्टी काढली. तर आता तीच पट्टी २५ टक्के देतेय! पेपरात सगळ्यांच्या जीएमआय-फील्ड आलेखात दोन शिंगं दिसतात, माझ्याकडे एकच टेकडी आणि ती पण बसकी. गाईड म्हणतात परत कर, पण तेच परत करून वेगळं काय येणार?

चुंबकमावशी:
अरे, नको तेव्हा फील्ड लावलंस आणि हवं तेव्हाच काढून घेतलंस. या रिबनचा क्युरी पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर चुंबकपण जातं ते तापमान, २२५ डिग्री. ३०० ला ती चुंबकच नसते, मग तुझं फील्ड धरणार कशाला? तिथे फक्त रिबन ओतताना अडकलेले ताण सुटतात, तेवढाच फायदा. खरी गंमत २२५ च्या खाली उतरताना, तेव्हा अणूंच्या जोड्या चुंबकनाची दिशा बघून हळूहळू जागा घेतात. तुझी कॉइल तेव्हा बंद, म्हणून प्रत्येक डोमेनने (एकाच दिशेला चुंबकन असलेला छोटा भाग) आपापली दिशा पक्की केली आणि त्यांच्यामधल्या सीमा, म्हणजे डोमेन वॉल, जिथे उभ्या होत्या तिथेच रुतल्या. दही लागतं ना, तसं, ज्या भांड्यात ठेवलं त्याच आकाराचं. आता वॉल हलत नाहीत म्हणजे आडवी पर्मिएबिलिटी (रुंदीच्या दिशेने किती सहज चुंबकन होतं ते) पडली, आणि जीएमआय सगळा तिच्यावरच. गणित करून बघ, रेझिस्टिव्हिटी १.४ मायक्रोओहम-मीटर धर, पर्मिएबिलिटी १०,००० असेल तर १ मेगाहर्ट्झला स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून जितक्या खोलीत वाहतो ती, ६ मायक्रॉन, तीच १००० वर आली की १९. रिबनच जेमतेम १८ मायक्रॉन जाड, म्हणजे करंट आधीच सगळ्या जाडीतून वाहतोय, फील्ड लावून बदलणार काय.
कॉइल १०० डिग्रीपर्यंत चालू ठेव. तापते तर पंखा लाव.

कोपऱ्यातला_फिजिक्सवाला:
मावशी बरोबर, पण शिंगं तरीही येणार नाहीत. सोलेनॉइडचं फील्ड रिबनच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे चुंबकन ज्या दिशेला सहज बसतं ती इझी अ‍ॅक्सिसही लांबीतच बसणार, आणि अशा पट्टीत बाहेरचं फील्ड वाढवलं की पर्मिएबिलिटी नुसती उतरत जाते, म्हणून एकच टेकडी. पेपरवाले फील्ड रुंदीच्या दिशेने लावतात. मग अ‍ॅनिसोट्रॉपी फील्डपाशी (चुंबकन इझी दिशेतून पूर्ण वळवायला लागतं तेवढं फील्ड) मॅग्नेटायझेशन वळायला एकदम मोकळं होतं, आणि प्लस-मायनस दोन्ही बाजूंना शिखर. हे पण वरच्या फ्रिक्वेन्सीला, खाली वॉल हलत असतात तोवर आडव्या रिबनमध्येही एकच शिखर दिसू शकतं.
रुंदीतून फील्ड द्यायला दोन चुंबक समोरासमोर ठेव, रिबन मध्ये. पट्टीचं स्वतःचं उलटं, म्हणजे डीमॅग्नेटायझिंग फील्ड रुंदीत बरंच असतं, तुझ्या मापाला साधारण ५० ओर्स्टेड, तेव्हा काहीशे तरी पाहिजे.

भट्टीवाला_९७:
दादा, जुन्या स्पीकरचे फेराइट चालतील का? निओडिमियम पण पडलेत लॅबमध्ये.

कोपऱ्यातला_फिजिक्सवाला:
साधं निओडिमियम ८० डिग्रीच्या वर गेलं की कायमचं उतरतं, भट्टीत नको. फेराइट डिग्रीमागे ०.२ टक्के सोडतं, ३०० ला निम्म्याहून खाली. समॅरियम-कोबाल्ट शोध, महाग आहे पण ३०० ला टिकणारा ग्रेड मिळतो.

अलिबागकर:
मध्येच बोलतो, मोजायची पट्टी पूर्व-पश्चिम ठेवता ना? आपल्याकडे पृथ्वीचं आडवं फील्ड ०.४ ओर्स्टेडच्या आसपास आहे, उत्तर-दक्षिण ठेवली तर वक्र सरकलेला दिसणार आणि तुम्ही म्हणणार अ‍ॅसिमेट्रिक जीएमआय सापडला. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळे १९०४ साली आमच्याकडे अलिबागला आली, तुमच्या लॅबशेजारची लिफ्ट पण कमी नाही. आणि ६० आणि २५ काढताना सर्वात मोठं फील्ड एकच धरलं होतं का? टक्केवारी त्याच्यावर काढतात, ते बदललं की तुलनाच संपली. सोल्डर करू नका, सिल्व्हर पेस्ट लावा.

भट्टीवाला_९७:
अलिबागकर सर, पट्टी उत्तर-दक्षिणच होती 🙈 फिरवली. फील्ड दोन्ही वेळा ८० ओर्स्टेडच होतं.
काल नवी पट्टी घेऊन कॉइल चालू ठेवून थंड केली, रात्री दीडपर्यंत टेबल फॅन धरून बसलो, कॉइलच्या तारेवरच्या एनॅमलचा वास अजून खोलीत आहे. ४६ टक्के आले, टेकडी एकच. समॅरियम-कोबाल्टचं कोटेशन मागवलंय, गाईडनी आकडा बघून चष्मा काढला.

चुंबकमावशी:
दोनच तुकडे घे म्हणावं, चुंबकांना जोडणारा लोखंडी योक वर्कशॉपमध्ये फुकट होतो.