नागपुरात फ्लू खरंच वाढून राहिला की नुसत्या बातम्या? आकडा पाहायचा तरी कुठं?

मानेवाडाकर
मंडळी, प्रश्न साधा आहे पण लांबण लागणार, सांभाळून घ्या. बाबा ७१ चे, जुना दमा, दोन पंप चालू. दर वर्षी पोळ्याच्या आगेमागे त्यांचं काहीतरी होतंच. मागच्या वर्षी पोरगा शाळेतून खोकला घेऊन आला, दोन दिवसात तो बरा अन आजोबा सहा दिवस भरती, बिल किती आलं ते विचारू नका. म्हणून यंदा ठरवलं की आपल्या भागात फ्लू वाढून राहिला का यावर आपणच डोळा ठेवायचा, वाढला की पोराला आजोबांच्या खोलीत झोपू द्यायचं नाही अन भेटायला येणाऱ्यांना आठ दिवस थांबा म्हणायचं, वाईट वाटलं तरी चालेल.

आता गंमत बघा. सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर "नागपुरात स्वाइन फ्लूचा कहर", गुरुवारी पेपरात "रुग्णसंख्येत घट", अन त्याच आठवड्यात पोराच्या वर्गात ४२ पैकी १५ पोरं गैरहजर. मग मानायचं काय? पावसाचं कसं, सकाळी मोबाइल उघडला की यलो अलर्ट की ऑरेंज ते दिसतं. तसं फ्लूचं काहीच नाही का आपल्याकडं? ऑफिसातला एक जण म्हणे अमेरिकेची वेबसाइट पाह, मस्त नकाशा आहे. अरे बावा, तिथला नकाशा पाहून मी मानेवाड्यात काय करू?

संत्रागोळी
काही पाहू नका भाऊ. पाऊस आला की खोकला येते अन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवत निघाला की जाते. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत" असं घसा फोडून ओरडत होतो ना लहानपणी इतवारीत, तीच आपली यंत्रणा.

लाइनलिस्टवाला
संत्रागोळी भाऊंनी हसत सांगितलं, पण ज्यानं कोणी ती आरोळी त्या दिवसासाठी बांधली त्याला सीझन बरोबर कळला होता. ऑगस्ट-सप्टेंबर हाच आपला फ्लूचा मोठा हंगाम, दुसरा छोटा जानेवारी ते मार्च.

मी याच कामात आहे, रोज याद्या भरतो, कुठं ते विचारू नका. साथीच्या आजारांवर नजर ठेवायची सरकारी यंत्रणा आहे भाऊ, २००४ पासून आहे, आयडीएसपी म्हणतात. उपकेंद्रातली नर्स ताई लक्षणांवरून एस फॉर्म भरते, डॉक्टर तपासून पी फॉर्म, लॅब रिपोर्टवरून एल फॉर्म. आधी कागद होते, २०२१ पासून आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर. आठवडा सोमवार ते रविवार. ताप १०० पॉइंट ४ किंवा त्याच्या वर, सोबत खोकला अन सुरू होऊन दहा दिवसांच्या आत असेल तर तो आयएलआय, म्हणजे फ्लूसारखा आजार. तेच लक्षण अन भरती करायची वेळ आली तर 'सारी', म्हणजे श्वासाचा गंभीर आजार. पेपरवाले नुसता "ताप" लिहितात, त्यात डेंग्यू पण आला अन चिकनगुनिया पण. २०२४ ला नागपुरात चिकनगुनियानं किती लोकांचे सांधे धरले आठवते ना, त्या वर्षी ओपीडीच्या रांगा पाहून फ्लूचा अंदाज बांधला असता तर पूर्ण फसला असता.

आता मुख्य गोष्ट. पेपरात जो "स्वाइन फ्लूचे इतके रुग्ण" आकडा येतो तो आजारी लोकांचा नाही, टेस्ट झालेल्या लोकांचा आहे. सरकारी नियम असा की साधा ताप-खोकला ए कॅटेगरी, घरी आराम, टेस्ट नाही. बी मध्ये ताप जास्त किंवा माणूस जोखमीचा, तुमचे बाबा यात आले, फ्लूची गोळी देता येते पण तरी टेस्ट नाही. धाप, छातीत दुखणं, बीपी उतरणं असं झालं की सी, मग भरती अन मग स्वॅब. म्हणजे आपण मोजून राहिलो ते फक्त वरून सांडलेलं. अंबाझरीत पाणी किती आहे हे ओव्हरफ्लोकडं पाहून सांगावं, तसं आहे हे. तुमच्या पोराच्या वर्गातले १५ कोणत्याच लॅबच्या यादीत येणार नाहीत.

दुसरं, जे "नागपूरचे" म्हणून छापतात ते सगळे नागपूरचे नसतात. मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी हॉस्पिटलं अन धंतोली-रामदासपेठेतले प्रायव्हेट, इथं छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, गोंदिया, गडचिरोली, सगळीकडचा सिरियस पेशंट येतो. यादीत शहर, ग्रामीण, बाहेरचे असे रकाने असतात पण बातमीत बेरीज येते. अन पत्ता? "जावयाकडे, दिघोरी". फोन लावला तर पेशंट सिवनीजवळच्या खेड्यातला, ताप पण तिकडंच आलेला, दिघोरीत फक्त एक रात्र झोपला. असे पत्ते मी स्वतः दुरुस्त करतो, दिवसाला दोन-तीन तरी.

तिसरं म्हणजे उशीर. रविवारी ताप आला, बुधवारपर्यंत घरीच काढा, मग डॉक्टर, शनिवारी भरती, सोमवारी रिपोर्ट, मंगळवारी बातमी. तुम्ही मंगळवारी वाचता ते नऊ दिवसांपूर्वीचं असते.

काउंटरवाला
नंदनवनला मेडिकल आहे माझं, माझं पण ऐका.

फ्लूवरची टॅमीफ्लूची गोळी, म्हणजे ओसेल्टामिविर, २०१७ पर्यंत शेड्युल एक्स या कडक नियमांच्या यादीत होती, दोन प्रतीत चिठ्ठी, एक प्रत दोन वर्षं जपून ठेवायची, वेगळं लायसन, आमच्यासारखा कोण ठेवते. आता शेड्युल एच१ मध्ये आहे, म्हणजे विकली की रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, सगळं लिहावं लागते. मी एकदा रिकामा बसलो होतो तर जुनी पानं चाळली. जून कोरा, जुलैच्या शेवटी एखाद-दोन नोंदी, अन मग अचानक एका पानावर अर्ध्याच्या वर ओसेल्टामिविर. तेव्हा पेपरात काही नव्हतं, आठवडाभरानं आलं. तेव्हापासून मी ते रजिस्टर नुसतं इन्स्पेक्टरसाठी भरत नाही.

पण खोकल्याच्या सिरपवर भरोसा ठेवू नका. ते फॉरवर्डवर चालते. ग्रुपवर मेसेज फिरला की संध्याकाळी दुकानात लाइन, "भाऊ असू दे घरात एक". मास्क पण तसेच. ती विक्री भीतीची, आजाराची नाही.

कामठी_लाइन
काउंटरवाले भाऊंनी नकळत गुगलचीच गोष्ट सांगितली. गुगलनं २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स काढलं होतं, लोक फ्लूबद्दल काय शोधून राहिले त्यावरून साथ ओळखायची, सुरुवातीला सगळे वाहवा करत होते. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत बातम्या फार आल्या, न आजारी पडलेले पण शोधत बसले अन त्यांचा अंदाज सरकारी आकड्याच्या जवळपास दुप्पट गेला. २०१५ ला गुंडाळलं. तिकडं गुगल फसला तिथं आपला सोसायटीचा ग्रुप काय चीज आहे.

मानेवाडाकर
लाइनलिस्टवाले भाऊ, वाचून डोकं गरम झालं खरं. म्हणजे पेपरातला आकडा खोटाच धरायचा का? अन "घट" आली ती कशी मग, वर्ग तर रिकामा होता.

लाइनलिस्टवाला
खोटा नाही भाऊ, अर्धा आहे. खालचा आकडा, म्हणजे किती तपासले तो, कोणी छापत नाही. समजा एका आठवड्यात २० स्वॅब गेले, ४ पॉझिटिव्ह. पुढच्या आठवड्यात बातमीनं घाबरून १०० गेले, १० पॉझिटिव्ह. बातमी काय येईल? रुग्ण अडीच पट! पण शेकडा काढा, आधी २० होता, आता १० झाला. याच्या उलट पण होते. गणपतीचा आठवडा असला, लागोपाठ सुट्ट्या असल्या की स्वॅबच कमी जातात, १० मधले ४ निघाले तर बातमी "रुग्ण स्थिर" अन शेकडा मात्र ४०. तुमची "घट" मला तर तशीच वाटून राहिली, त्या आठवड्यात सुट्ट्या किती होत्या पाहा. म्हणून "किती सापडले" वाचलं की लगेच विचारायचं, किती तपासले. बातमीत तपासलेल्यांचा आकडा दिला असेल तर ते कात्रण ठेवा, नसेल तर सोडून द्या.

बघायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं फ्लूनेट आहे, त्यांचं फ्लूचं लॅबचं जाळं १९५२ पासूनचं आहे. त्यावर भारताचा आठवड्यावार आलेख दिसतो, कोणता व्हायरस चालू आहे ते रंगानं कळते, एच१एन१, एच३एन२ की बी. नागपूरचा वेगळा नाही. पण आलेख वर चढू लागला की आपला नंबर लांब नाही एवढं समजते. २००९ ला तर स्वॅब पुण्याला एनआयव्ही या व्हायरसच्या राष्ट्रीय संस्थेत जायचे अन आपण वाट पाहत बसायचो, आता मेयोतच व्हायरल लॅब आहे, तेवढं तरी बरं.

हिंगणारोड_दवाखाना
जनरल प्रॅक्टिस आहे माझी, वीसेक वर्षं झाली. वर सगळं बरोबर आहे पण मानेवाडाकर, तुमचा प्रश्न थोडा उशिराचा आहे. फ्लू वाढलेला दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा बाबांची लस एप्रिल-मेमध्येच झाली पाहिजे होती. लस घेतल्यावर ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. आपल्याकडं मोठा हंगाम पावसाळ्याचा, श्रीनगरचा हिवाळ्याचा, म्हणून तिकडचं वेळापत्रक वेगळं. लोक मात्र इंटरनेटवर वाचून ऑक्टोबरमध्ये येतात, ते युरोप-अमेरिकेचं कॅलेंडर आहे. व्हायरस बदलत राहतो म्हणून लसीत काय टाकायचं ते दर वर्षी दोनदा ठरते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी अन सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. मागच्या वर्षी घेतली होती हे उत्तर चालत नाही. यंदा राहिली असेल तर आता पण घ्या, ताप नसताना, तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून.

अन एक शब्दाचं. "स्वाइन फ्लू" म्हटलं की पेशंट पांढरा पडतो अन "साधा फ्लू" म्हटलं की गोळी न घेता ड्युटीवर जातो. २००९ चा तो एच१एन१ ऑगस्ट २०१० नंतर सीझनल फ्लूमध्येच धरला जातो, दर वर्षी येणाऱ्या पाहुण्यांपैकी एक. हलका आहे असं मी म्हणत नाही, २०१५ ला देशात ४२ हजारांवर केस अन तीन हजारांच्या जवळपास मृत्यू होते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ नं खोकला धरला तेव्हा तर माझ्याकडं तीन-तीन आठवडे खोकणारे लोक होते, अन सगळे एकच विचारत, "डॉक्टर, कोरोना तर नाही?"

माझ्या दवाखान्यात मी एकच करतो. कंपाउंडर रोज वहीत दोन उभ्या रेषा मारतो, एकूण पेशंट किती अन त्यात ताप-खोकला दोन्ही असलेले किती. शनिवारी बेरीज. साठमध्ये पाच-सहा असले तर नेहमीचं. साठमध्ये पंधराच्या वर गेले की मी म्हाताऱ्या पेशंटच्या घरी फोन करायला सांगतो. कोणत्याही पोर्टलपेक्षा मला ती वही आधी सांगते, कारण दार तेच, डॉक्टर तोच, फक्त येणारे बदलतात.

मानेवाडाकर
डॉक्टरसाहेब, लस राहिलीच यंदा. शिव्या द्या, चालतील. उद्या बाबांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

वहीची आयडिया मात्र उचलली. पोराच्या शाळेत व्हॅनवाले काका आहेत, त्यांच्या व्हॅनमध्ये १४ पोरं, त्यांना रोज कोण आलं नाही ते पाठच असते, कारण हॉर्न वाजवून वाजवून तेच थकतात. त्यांना म्हटलं काका फक्त आकडा सांगत जा. अन वर्गातली हजेरी पोरगाच सांगते. फ्रिजवर कॅलेंडर आहे त्यावर लिहून राहिलो.

एक विचारायचं होतं, पोरगा खोकू लागला तर किती दिवस आजोबांपासून लांब ठेवायचा?

हिंगणारोड_दवाखाना
लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच तो पसरवतो, म्हणून खोकला ऐकू आल्यावर वेगळं करणं थोडं उशिराचंच. तरी मोठ्यांचा पाच ते सात दिवस धरा, लहान पोरांचा त्याहून जास्त. अन बाबांना ताप आला तर दोन दिवस काढ्यावर काढू नका, ती गोळी पहिल्या ४८ तासांत दिली तर खरा उपयोग, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. धाप लागली तर सकाळची वाट पाहायची नाही.

काउंटरवाला
अन मानेवाडाकर भाऊ, माझ्या रजिस्टरमध्ये कालपासून तीन नोंदी आहेत. नावं सांगणार नाही, पण तिन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या.

संत्रागोळी
मारबतला अजून बारा दिवस आहेत ना पण!

मानेवाडाकर
वाचलं. आज व्हॅनमध्ये १४ पैकी ९ आले, वर्गात ४२ पैकी २८. पोराची गादी हॉलमध्ये टाकली. बाबा खोलीतून ओरडून राहिले की मी काय आजारी आहे का, अन पोरगं म्हणते आजोबांच्या खोलीतला कूलर माझ्याकडं द्या.