अमेरिकेची सुरुवातीची प्रवासी वाफेची इंजिने: रचना आणि इंधनाचा खर्च

रूळवाट:
नमस्कार. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘जॉन बुल’ हे इंजिन पाहण्याचा नुकताच योग आला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात १८३१ साली तयार झालेले हे इंजिन न्यू जर्सीतील कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेने मागवले होते. अमेरिकेत आल्यावर त्याच्या पुढे दोन लहान चाकांची, रुळांवरची जनावरे बाजूला सारणारी चौकट बसवण्यात आली. पुढील वीस-पंचवीस वर्षांतल्या अमेरिकी इंजिनांची चित्रे पाहिली, तर पुढे चार लहान चाके, मागे चार मोठी चाके आणि वर फुगीर धुराडे असे रूप ठरून गेलेले दिसते. ही रचना इंधन वाचवण्याच्या विचारातून आली काय? लाकूड जाळणारी ही इंजिने इंग्लंडच्या कोक (भाजून धूर काढलेला दगडी कोळसा) जाळणाऱ्या इंजिनांपेक्षा उधळी होती असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे मानावे?

लोहमार्गी:
चाकांची मांडणी इंधनासाठी नव्हे, रुळांसाठी झाली. भांडवल कमी आणि अंतरे मोठी, त्यामुळे तिकडच्या कंपन्यांनी लाकडी तुळयांवर लोखंडाच्या पातळ पट्ट्या ठोकून मार्ग उरकले, डोंगर पोखरण्याऐवजी वळणे घेतली, आणि भरावही जेमतेम केले. अशा मार्गावर इंग्लिश पद्धतीचे ताठ इंजिन घसरत असे. पट्टीचे टोक सुटून वर वळले, तर ते डब्याच्या तळातून आत घुसण्याचीही भीती असे. यावर अभियंता जॉन जर्व्हिस यांनी १८३२ साली ‘एक्स्पेरिमेंट’ या इंजिनाच्या पुढच्या भागाखाली चार चाकांची स्वतंत्र, वळणारी बोगी (चाकांची छोटी चौकट) दिली. हेन्री कॅम्पबेल यांनी १८३६ मध्ये तिच्या मागे चार चालक (वाफेच्या जोराने फिरणारी) चाके ठेवण्याचे पेटंट घेतले, आणि जोसेफ हॅरिसन यांनी तरफेच्या साहाय्याने त्या चाकांवरचा भार सारखा वाटला जाईल अशी सोय केली, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी बाकीची रुळांना धरून राहत. ‘जॉन बुल’बाबत एक तपशील लक्षात घ्यावा: पुढची चौकट बसवताना पुढच्या आसाला आडवी मोकळीक हवी होती, म्हणून दोन्ही आसांना जोडून एकत्र फिरवणारे दांडे काढून टाकावे लागले. म्हणजे वळण नीट घेता यावे यासाठी ओढण्याची पकड कमी करणे त्यांनी पत्करले.

बाष्पवेध:
लोहमार्गी यांच्याशी सहमत आहे; धुराड्याविषयी भर घालतो. लाकूड हे तिथे मार्गालगत मिळणारे इंधन होते. चांगल्या कोळशाच्या तुलनेत वाळक्या लाकडातून वजनागणिक साधारण निम्मी उष्णता मिळते, म्हणून टेंडर, म्हणजे इंजिनामागची इंधनाची गाडी, लवकर रिकामा होई आणि जागोजागी लाकडाच्या राशी रचून ठेवाव्या लागत. कॉर्ड, म्हणजे १२८ घनफुटांची रास, हे त्यांचे माप. लाकडाची खरी अडचण मात्र ठिणग्यांची होती. १८३१ च्या ऑगस्टमध्ये ‘डी विट क्लिंटन’ हे इंजिन ऑल्बनीहून स्कनेक्टडीकडे निघाले, तेव्हा उघड्यावर बसलेल्या प्रवाशांच्या छत्र्या आणि कपडे ठिणग्यांनी पेटल्याचे वर्णन नोंदलेले आहे. पुढे शेते आणि गवताच्या गंजी पेटू लागल्या. फुगीर धुराड्याच्या आत एक सरळ नळी असते, तिच्या तोंडावर उलटा शंकू आणि वर तारेची जाळी. शंकूवर आपटलेले निखारे नळी आणि बाहेरचे कवच यांमधल्या पोकळीत साचतात. याची किंमत इंधनात मोजावी लागते. जाळीमुळे भट्टीतून हवा खेचणारा ओढा मंदावतो. तो वाढवण्यासाठी सिलिंडरमधून धुराड्यात सुटणाऱ्या वाफेचे तोंड अरुंद केले, की दट्ट्याच्या (पिस्टनच्या) पाठीवर उलटा दाब चढतो आणि इंजिनाची थोडी ताकद स्वतःशीच झुंजण्यात जाते.

रूळवाट:
दोघांचेही आभार. म्हणजे बचतीचा विचार झालाच नाही, असे समजावे का?

यंत्रप्रेमी:
तसे समजू नये. बचत झाली, पण ती सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या झडपांच्या यंत्रणेतून, आणि या काळातली सर्वांत मोठी सुधारणा मी तिलाच मानतो. आरंभीच्या इंजिनांत दट्ट्याच्या जवळजवळ पूर्ण फेरीत बॉयलरची वाफ आत येत राही आणि बराच दाब अंगात शिल्लक असतानाच धुराड्यातून निघून जाई. आत येणारी वाफ फेरीच्या मध्यावर तोडली आणि उरलेले अंतर दट्ट्याला तिच्या प्रसरणावर जाऊ दिले, तर कागदावरच्या हिशेबाने निम्म्या वाफेत सुमारे ८५ टक्के काम मिळते. सिलिंडरच्या थंड भिंतींवर वाफ निवत असल्याने प्रत्यक्षात एवढा लाभ होत नाही, तरी तो लहानही नाही. स्टीफन्सनच्या कारखान्यात १८४२ साली झडपा चालवणारी जी दुव्याची यंत्रणा (लिंक मोशन) तयार झाली, तिच्यामुळे वाफ कुठे तोडायची हे ड्रायव्हरला धावत्या गाडीत एका दांड्याने ठरवता येऊ लागले: चढावर दांडा पुढे, सपाटीवर मधल्या खाचांकडे. न्यू जर्सीतील पॅटर्सन येथील टॉमस रॉजर्स यांच्या कारखान्याने १८५० च्या सुमारास ही यंत्रणा स्वीकारली आणि नंतर ती अमेरिकेत रूढ झाली.

‘उधळी’ हा शेरा मला म्हणूनच अपुरा वाटतो. रान तोडून शेती करणाऱ्या प्रदेशात लाकूड स्वस्त आणि भांडवल महाग होते. अशा ठिकाणी रूळ व पूल यांवरचा खर्च वाचवणारे इंजिन थोडे जास्त लाकूड खात असेल, तरी कंपनीच्या वहीत ते काटकसरीचेच ठरे.

लोहमार्गी:
हा हिशेब बदलला तो पूर्वेकडच्या शहरांभोवती लाकूड महागल्यावर. मात्र कोळशाकडे वळणे सोपे नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइट या कठीण कोळशाला भट्टीच्या तळाशी रुंद जाळी आणि पातळ थर लागतो, लाकडासाठी केलेल्या अरुंद, खोल भट्टीत तो नीट पेटत नाही. साधा दगडी कोळसा पेटतो, पण धूर फार करतो, आणि तो धूर म्हणजे न जळता निघून गेलेले इंधनच होय. बोस्टन अँड प्रॉव्हिडन्स रेल्वेचे जॉर्ज ग्रिग्ज यांनी १८५७ साली भट्टीत विटांच्या कमानीचे पेटंट घेतले. त्या तापलेल्या कमानीला वळसा घालून जाताना वायूंना पुरेसे जळायला वाट आणि वेळ मिळतो. जिथे कोळसा आला तिथे फुगीर धुराड्याची गरजही हळूहळू कमी झाली.